मी आलो

"आत्ती, आत गेल्यावर कुणाशी बोलू नकोस."

अंधेरीतल्या एका हॉटेलच्या काचेच्या दारासमोर उभी राहून मी हे बोलले. सकाळचे नऊ वाजले होते. एसटीच्या प्रवासाने माझं अंग आंबलं होतं, आणि आत्ती, म्हणजे माझी आत्या, मात्र स्टँडवरच्या नळावर तोंड धुऊन, पदर खोचून, लग्नघरी निघाल्यासारखी ताजीतवानी होती. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत चटणीच्या वीस पुड्या.

"न्हाई बोलत," ती म्हणाली. "पन तहान लागली तर?"

"मला सांग. मी पाणी आणून देते."

"देतेऽऽ!" तिने माझी नक्कल केली आणि स्वतःच हसली. "बरं बाई. देते तर देते."

आमच्या गडहिंग्लजकडे बायका 'मी देतो, मी जातो, मी आलो' असंच बोलतात. त्यात पुरुषी असं काही नसतं. माझी आजी असंच बोलायची, आई असंच बोलते. आणि लहान पोरीला आमच्यात 'आलीस, गेलीस' म्हणत नाहीत, 'आलंस, गेलंस' म्हणतात. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पण आत्तीच्या तोंडी अजून 'आलंस'च होते. 'आलीस' झाले असते तर मला करमलं नसतं.

मी स्वतः मात्र सतराव्या वर्षीच बदलले होते. कोल्हापूरच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "मी गडहिंग्लजहून आलो." अख्खा हॉल हसला. पुढचं भाषण मी काय केलं ते मला आठवत नाही, तो हशा तेवढा आठवतो. महिनाभर खोलीतल्या आरशासमोर उभी राहून 'मी येते, मी जाते, मी करते' घोकलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा आत्ती म्हणाली, "पुन्याची सून झालंस व्हय गं?" आणि ती तेवढ्यावरच थांबली. तिला माझ्या बोलण्याचं काही वाटलं नाही, गंमत वाटली इतकंच.

तर ते हॉटेल. तिथे 'कथासंधी' नावाचा मेळावा होता. गावोगावचे लेखक आणि मुंबईचे चॅनेलवाले, निर्माते यांना एका छपराखाली आणायचं. सकाळी चहा आणि ओळखीपाळखी, दुपारी प्रत्येक लेखकाला सात मिनिटं. सात मिनिटांत आपल्या मालिकेची गोष्ट सांगून समोरच्याच्या गळी उतरवायची. याला पिच म्हणतात हे मला त्यांच्या पत्रातूनच कळलं. आलेल्या शेकडो गोष्टींतून साठ निवडल्या होत्या, त्यात माझी होती.

पण घरी तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, त्याचं कौतुक नव्हतं. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा. मी शाळेत तासावर शिकवत होते, ते त्यांच्या हिशोबी लग्नापर्यंतचा टाइमपास होता. मेळाव्याच्याच रविवारी निपाणीचे पाहुणे मला बघायला यायचे होते. आई खाली बघत राहिली. बोलली ती आत्ती.

"एक डाव जाऊ दे पोरीला. मी संगट जातो. हात हलवत आलं, तर म्होरच्या रविवारी मी सोता उभारून लगीन लावतो. मग झालं?"

तात्यांनी पाहुण्यांना आठ दिवस पुढे ढकललं. म्हणजे माझ्या हातात सात मिनिटं होती आणि त्यांना आत्तीचा शब्द बांधलेला होता.

आत्तीचं नाव बायाक्का. वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा ही आपली ट्रंक उचलून परत आली, आणि पाटल्या मोडून तिने चटणीचा डंक टाकला. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी उखळ आणि त्यात वरून आदळणारी लोखंडी मुसळं. मार्च-एप्रिलात गावातल्या बाया भाजलेली मिरची, खोबरं, मसाले, कांदा-लसूण घेऊन रांगेत बसतात, आणि वर्षाची चटणी कुटून नेतात. आत्तीला त्या रांगेतून गाव कळायचं. कुणाच्या घरी सासूचं चालतं आणि कुणाच्या घरी सुनेचं, हे ती पाटीत लसूण किती आहे यावरून सांगायची. दरवर्षी पाच किलो मिरची आणणारी बाई एखाद्या वर्षी दोनच किलो घेऊन आली, तर आत्ती तिला काही विचारायची नाही. कुटून झालं की तिच्या डब्यात स्वतःच्या पिंपातल्या चार मुठी घालायची आणि झाकण लावून द्यायची.

ही माझी मालिका होती. नावही 'डंक'. मी ती आत्तीला वाचून दाखवली होती. ऐकून तिने दोनच चुका काढल्या. एक, बेडगी मिरचीला तिखट म्हटलं होतं, ती रंगाची असते. आणि दुसरं, नायिका रागाच्या भरात रिकामाच डंक चालू करते असा एक प्रसंग होता.

"रिकामा डंक कोन चालवतंय गं?" ती म्हणाली होती. "उखळ फुटंल की. कितीबी राग आला तरी बाई आपलं उखळ फोडून घेत न्हाई."

तो प्रसंग मी काढून टाकला.

आत गारेगार होतं. गळ्यात नावाची कार्डं अडकवलेली माणसं कप हातात घेऊन एकमेकांकडे बघत होती, म्हणजे एकमेकांच्या गळ्यातल्या कार्डाकडे. कार्डावर चॅनेलचं नाव असेल तर हसायचं, 'लेखक' असेल तर पुढे सरकायचं. मी एका खांबाला टेकून उभी होते. शेजारी जयंत खांबेकर नावाचे नाशिकचे गृहस्थ होते. या मेळाव्याला त्यांची पाचवी वारी.

"पहिल्यांदा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ऐका. गोष्ट सांगत बसू नका. गोष्टी त्यांच्याकडे पोत्याने आहेत. पहिल्या दोन मिनिटांत ते रडले पाहिजेत नाहीतर हसले पाहिजेत. रडवणं अवघड असतं, ते जेवून आलेले असतात."

"तुम्ही काय करता?"

"मी दरवर्षी रडवायला जातो," खांबेकर म्हणाले आणि दुसरा चहा आणायला गेले.

प्रत्येकजण व्हिजिटिंग कार्ड देत होता. माझ्याकडे नव्हतं. आत्ती कोपऱ्यातल्या सोफ्यावरून माझ्याकडे बघत होती. तिने मला खुणेने बोलावलं आणि पिशवी पुढे केली. पुड्यांवर जांभळा शिक्का होता, 'बायाक्का चटणी डंक, गडहिंग्लज', आणि त्याखाली तिने बॉलपेनने माझं नाव नि मोबाइल नंबर लिहिला होता. वीसच्या वीस पुड्यांवर. तिचं अक्षर मोठं आणि वाकडं.

"कार्ड न्हाई तर पुडी दे," ती हळूच म्हणाली. "कार्ड टाकून देत्यात. चटणी कोन टाकतंय?"

आज मला वाटतं, त्या हॉटेलात त्या दिवशी सुचलेली सगळ्यात शहाणी गोष्ट ती होती. तेव्हा मी पिशवी तिच्याकडे ढकलली. "आत्ती, प्लीज. ठेव ते आत. इथे असलं चालत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

माझा नंबर सव्वातीनला लागला. सहा नंबरची खोली. आत्ती दारापर्यंत आली. माझ्या केसांवरून तिने हात फिरवला, त्या हाताला कायम चटणीचा वास असायचा.

"भ्यालंयस काय?"

"नाही."

"भिऊ नको. मी हितंच उभारलोय. लांब जात न्हाई."

खोलीत टेबलापलीकडे दोघं होती. केतकी गुप्ते, एका चॅनेलची क्रिएटिव्ह हेड, म्हणजे कुठली मालिका करायची नि कुठली नाही हे ठरवणारी बाई. चाळिशीची, हसरी. आणि निनाद सबनीस, निर्माते. त्यांच्या मालिका आमच्या घरी रोज लागायच्या. टेबलावर घड्याळ होतं. सबनीसांनी त्यावर सात मिनिटं लावून ते सुरू केलं.

मी पाठ केलेलं बोलायला लागले. शुद्ध बोलले, एकही शब्द घसरू दिला नाही. मिरच्यांची रांग सांगितली, दोन किलोवाली बाई सांगितली, चार मुठी सांगितल्या. केतकी मॅडमनी पहिल्या मिनिटाला मान हलवली, दुसऱ्याला पेन उचललं, तिसऱ्याला ते खाली ठेवलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. हा शब्द त्या धंद्यात काय अर्थाने वापरतात हे मला पुढे कळलं. "जरा संथ वाटतंय. बाई बोलते कशी? एखादा सीन वाच ना."

मी सीन वाचला. त्यात माझी नायिका मालिकांतल्या खेडुतासारखी बोलत होती. 'व्हय जी', 'न्हाय जी'. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. पण टीव्हीवर गाव असंच बोलतं म्हणून मीही तसंच लिहिलं होतं.

सबनीसांनी घड्याळाकडे बघितलं. "हे असलं आम्ही खूप केलंय. यात वेगळं काय आहे?"

तीन मिनिटं उरली होती. मला निपाणीचे पाहुणे दिसले, तात्यांचा चेहरा दिसला, दाराबाहेर उभी आत्ती दिसली.

"सर, एक मिनिट, मी सांगतो ना—"

मी जीभ चावली. केतकी मॅडमनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"सॉरी. सांगते."

"नाही नाही, आधी काय म्हणालीस? सांगतो?" त्या हसत पुढे झुकल्या. "निनाद, ऐकलंस?"

"आमच्याकडे बायका असंच बोलतात," मी म्हटलं. कान तापले होते. "मी आलो, मी गेलो, असं."

"बायका?"

"हो. सगळ्याच."

"म्हणजे नवी नवरी पण? 'अहो, मी आलो'?" सबनीस खो खो हसले. "'मी नटलो'?"

"हो. मी नटलो. मी न्हालो."

दोघं हसत सुटली. तोच हशा होता, कोल्हापूरच्या हॉलमधला. फक्त या वेळी मला खांबेकरांचं वाक्य आठवलं. ते हसत होते. पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत होते.

"करून दाखव ना," केतकी मॅडम म्हणाल्या. "तुझी ती डंकवाली. कशी चालते, कशी बोलते?"

मी उठले. तिथे 'नको' म्हणता आलं असतं. कुणी माझा हात धरला नव्हता. मी उठले, पदर नव्हता म्हणून ओढणी कमरेला खोचली, एक हात कमरेवर ठेवला आणि आत्ती झाले. तिचं ते जरा डावीकडे झुकून चालणं, कारण तीस वर्षं उजव्या हाताने पाट्या उचललेल्या. मिरचीच्या खकाण्याने बसलेला तिचा घोगरा आवाज. मध्येच येणारी शिंक आणि शिंकल्यावर "आई अंबाबाई" म्हणणं. "कोन गं? मीऽ आलो! थांब की मर्दिनी, मी देतो! मी काय पळून चाललो व्हय?"

केतकी मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. सबनीस टेबलावर थापा मारत होते. घड्याळ वाजलं आणि त्यांनी ते हाताने बंद केलं. दुसऱ्याची वेळ चालू झाली होती, पण मला कुणी जा म्हटलं नाही.

मी शिंकायचं परत केलं. आधीपेक्षा मोठ्याने.

आणि दार उघडलं.

बाहेर हसण्याचा आवाज गेला असणार. आपल्या पोरीचं काम झालं असं तिला वाटलं असणार. आत्तीने अर्धं अंग आत घातलं, एक हात कमरेवर, दुसऱ्यात पिशवी, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "झालं काय गं? लई येळ झाला म्हनून म्हटलं, बगून येतो. मी भायेरच उभारलो होतो."

मग सबनीस खुर्चीत मागे पडले. केतकी मॅडमनी तोंडावर हात धरला. "अरे देवा! हीच का ती? हीच?"

आत्तीही हसली. चार लोक हसत असले की ती हसायचीच. तिने वाकून नमस्कार केला, पिशवीतून दोन पुड्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "घरची हाय. भाकरीसंगट खावा."

"मावशी," सबनीस डोळे पुसत म्हणाले, "परत एकदा म्हणा ना. 'मी आलो.'"

"काय म्हनू?"

"मी आलो."

"मी आलो," आत्ती म्हणाली. अजून हसतच होती, पण आता जरा चाचपडत.

हशा झाला.

"आता 'मी गेलो' म्हणा."

आत्ती थांबली. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या कमरेला खोचलेल्या ओढणीकडे बघितलं, कमरेवर राहिलेल्या हाताकडे बघितलं. माझा हात अजून तिथेच होता. तिच्या तोंडावरचं हसू गेलं नव्हतं, पण ती विचारत होती. काय चाललंय, एवढंच. मी सांगितलं असतं तर ती पिशवी उचलून मला घेऊन निघाली असती, आणि तात्यांना काय उत्तर द्यायचं ते तिचं तिने बघितलं असतं.

मीही हसत होते.

"म्हण की आत्ती," मी म्हटलं.

"मी गेलो," आत्ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन बाहेर गेली.

मला काम मिळालं. 'डंक' नाही. 'डंक' पुढे बघू, असं केतकी मॅडम म्हणाल्या. त्यांची एक मोठ्या घराची मालिका सुरू होणार होती, त्यात विनोदाला पात्र हवं होतं. घरात कामाला असलेली कोल्हापूरकडची मावशी. तिचे संवाद मी लिहायचे. सोमवारपासून ये, म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा आत्ती फुटपाथवर उसाच्या गुऱ्हाळापाशी उभी होती. मी तिला मिठीच मारली. "आत्ती, झालं! काम मिळालं!"

"खरं म्हनतंस?" तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. डोळे भरले होते तिचे. "माझं राजी टीव्हीत गेलं! तात्याला आता दावतो मी." आणि तिने रस सांगितला, दोन ग्लास, बिनबर्फाचा.

रस अर्धा संपला. मग ग्लासात बघत तिने विचारलं, "ती मानसं हसत का हुती गं?"

"तुझं बोलणं आवडलं त्यांना."

"आवडलं व्हय."

"हो मग."

"मी काय वंगाळ बोललो न्हाई न्हवं?"

"नाही गं आत्ती."

"तसं न्हवं. तुझ्या कामात खोडा झाला असता, म्हनून इचारलं." तिने ग्लास धुऊन गुऱ्हाळवाल्याच्या हातात दिला, आणि त्यालाही एक चटणीची पुडी दिली.

मालिका चालली. अशी चालली, की तिच्यातली नायिका लोक विसरले आणि सुलूमावशी लक्षात राहिली. डोंबिवलीची एक चांगली नटी ते काम करायची. मी तिला आत्तीचं चालणं शिकवलं, डावीकडे झुकून. शिंक शिकवली, आवाज बसवून दिला. दर भागात दोनदा सुलूमावशी दारातून अर्धं अंग आत घालून 'मीऽ आलो!' म्हणायची आणि मागे ढण्‌ असा आवाज व्हायचा. दोनदा झालंच पाहिजे असं मला लेखी आलं होतं. लोकांनी ते मोबाइलच्या रिंगटोनला लावलं. माझं नाव मालिकेच्या सुरुवातीच्या पाटीवर यायला लागलं. निपाणीचे पाहुणे आलेच नाहीत.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी आत्तीने डंकाच्या खोलीत टीव्ही आणून ठेवला होता. गल्ली बोलावली होती, पेढे आणले होते. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तो आईने उचलला.

"आत्तीला आवडलं?" मी विचारलं.

"हसली की. सगळीच हसली." आईने आवाज खाली आणला. "मग उठून गेली गं. डंक चालू केला तिनं."

"तेव्हा? कुणाची मिरची होती?"

"कुनाची न्हवती," आई म्हणाली. "रिकामाच."

मी फोन ठेवला आणि त्या दिवशीचे दोन भाग लिहिले. वेळेत द्यायचे होते.

त्यानंतर आत्ती फोनवर आली नाही. आई म्हणायची, डंकावर हाय, कामात हाय, झोपली. मीही फार खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. शूटिंग होतं, मग दुसरी मालिका होती, सबब कायम हाताशी असायची. अडीच वर्षं मी गावी गेले नाही.

गेले ती एप्रिलात. मुद्दाम. चटणीचा हंगाम होता, आत्ती डंकावरच असणार होती. एसटीतून उतरून घरी न जाता सरळ तिकडे वळले. वाटभर मी एकच गोष्ट ठरवत होते, की तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचं. इतक्या वर्षांत मी घरी कुणाशी तसं बोलले नव्हते. माफी मागायचं माझ्याच्याने होणार नव्हतं. एवढं तरी करू, असं वाटलं.

लांबूनच मुसळांचा आवाज आला. दाराशी पोचेपर्यंत डंक थांबला होता आणि आतून आत्तीचा आवाज येत होता, तोच घोगरा, मोठा.

"जरा दम काड की गं सुशे! मी देतो न्हवं? सकाळपास्नं उभारलोय, माझं पाय बी तुझ्यासारखंच हैत!"

बाया हसल्या. ते हसणं वेगळं होतं, त्या तिच्याबरोबर हसत होत्या. मला एकदम बरं वाटलं. काही बिघडलेलं नाही, असं वाटलं. मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांत पाणी आलं, मी दारातून आत डोकावले आणि मनापासून, जीभ सैल सोडून हाक मारली.

"आत्ती, मी आलो!"

रांगेतल्या बायांनी वळून बघितलं आणि खोली हशाने दणाणली. "अगं बया, सुलूमावशी!" कुणीतरी म्हणालं. "राजी हाय की ही! म्हन की परत एकदा!" एका पोरीने तर तोंडाने ढण्‌ असा आवाजही काढला.

आत्ती हसली नाही. तिने हातातली पाटी खाली ठेवली. पदराने हात पुसले, एकेक बोट पुसावं तसे. मग कमरेचा पदर सोडून खांद्यावरून नीट घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मुंबईहून आलेल्या पाहुणीपुढे उभं राहावं तशी, जरा अंतर ठेवून. ती बोलली ते हळू आणि जपून. एकेक शब्द आधी मनात म्हणून बघितल्यासारखा.

"आलीस?" ती म्हणाली. "बस. मी चहा ठेवते."